मापात पाप नाही

धामणगाव बढेच्या समस्त ग्रामस्थांचं अभिनंदन! जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिकृतपणे कळवलं की, समानतेत आपला देश जगात चौथा आला. पुढे फक्त स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस. अमेरिका, चीन पार मागे. मोताळा तालुक्यात ही बातमी जरा उशिरा पोचली, कारण तेव्हा माणसं डवऱ्यामागे होती.

पोचल्यावर मात्र पारावर चर्चा झाली.

‘चौथा नंबर म्हणजे आपल्याले काय भेटते भाऊ?’

‘समानता.’

‘कधी?’

‘भेटली ना! तुला समजलं नाही ते वेगळं.’

समजणार कसं? ते जिनी निर्देशांकाचं काम आहे. सगळ्यांचं सारखं असेल तर शून्य, सगळं एकाच्याच घरात गेलं तर शंभर. आपला आकडा २५.५. आता हा आकडा काढला कशावरून? घरोघरच्या खर्चावरून. महिन्याला काय खाल्लं, काय नेसलं, मोबाइलवर किती घातले. गावच्या एका कापूस व्यापाऱ्याला शुगर आहे. डॉक्टरांनी दोन पोळ्यांवर आणून ठेवलंय. त्याच्याकडचा हमाल ज्वारीच्या पाच भाकरी हाणतो. म्हणजे ताटापुरता हमालच पुढे. व्यापाऱ्याचे बुलढाण्यातले प्लॉट, बँकेतल्या ठेवी, मुलाच्या नावावरचा पेट्रोल पंप हे काही तो महिन्याकाठी खात नाही, तेव्हा ते हिशेबात धरण्याचं कारण नाही. आणि मुंबईच्या २७ मजली घरात ‘गेल्या महिन्यात तेल किती लागलं?’ असं विचारायला गेलेल्या सर्वेक्षकाला वॉचमन गेटच्या आत घेईल, अशी आमची तरी कल्पना नाही.

हा २५.५ चा आकडा जागतिक बँकेच्या टिपणातला. त्याच टिपणात लगेच पुढे लिहिलंय की, दुसऱ्या एका जागतिक माहितीसाठ्यानुसार भारतातला उत्पन्नाचा जिनी २००४ मध्ये ५२ होता, तो २०२३ मध्ये ६२ झाला. शिवाय पहिला आकडा प्रत्यक्षाहून कमी आला असू शकतो, अशी पुस्तीही आहे. आणि ज्यांना आपण मागे टाकलं त्यांतल्या बऱ्याच देशांनी खर्च नाही, उत्पन्न मोजलं होतं. पण मुलीकडच्यांना पत्रिकेतले जुळलेले गुणच तेवढे सांगावेत, तसं सरकारने अर्धंच पान मोठ्याने वाचलं. शुभकार्यात मंगळ काढू नये.

मोजमाप बंद करून समानता आणण्याचा आपल्याकडे चांगला सराव आहे. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला. कुणाकडे किती आहे हे विचारण्याचा असभ्यपणा तेव्हाच संपला. विदर्भाचं तर विचारूच नका. १९८४ मध्ये दांडेकर समितीने आमचा अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ मध्ये केळकर समितीने पुन्हा मोजून अहवाल दिला. शेवटी ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली आणि ती पुढे वाढलीच नाही. मोजणाराच गेला म्हटल्यावर अनुशेष एकटा किती दिवस उभा राहील?

एक माप मात्र आजही काटेकोर आहे: कापसातल्या ओलाव्याचं. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर यंत्र कापसात खुपसतात आणि ते दशांशापर्यंत बोलतं. आठ टक्के असेल तर पूर्ण हमीभाव, त्याच्या वर कपात, बारावर गेला की गाडी परत. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. विकण्याआधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, मग स्लॉट. ज्याला स्लॉटपर्यंत दम धरवत नाही, त्याच्या दारात खेडा खरेदीवाला काटा घेऊन हजर. वेचणीची मजुरी रोजच्या रोज रोख द्यावी लागते. वेचणाऱ्या बाईला ‘थांब, ॲपवर स्लॉट आला की देतो’ असं कोण सांगणार? ती पहाटे निघते, किलोच्या हिशेबाने वेचते आणि संध्याकाळी काट्याकडे डोळे लावून बसते. तिला जिनी समजावून सांगायचा बेत आम्ही तूर्तास पुढे ढकलला आहे.

भाव ठरवायचं काम धामणगावाकडे कधीच नव्हतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडात पैसा खेळला. १८६५ मध्ये तिकडे शांतता झाली आणि इकडे भाव कोसळला. तरी खामगावचा कापूस न्यायला १८७० मध्ये रेल्वेचा फाटा झाला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. पुढे काळ बदलला म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर बसवला आणि त्याच महिन्यात आपण बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आमचा कापूस बाजारात येण्याचा हंगाम. अतिथी देवो भव!

अमेरिकेच्या कापूस शेतकऱ्याला तिकडचं सरकार वर्षानुवर्षं अनुदान देत आलंय. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत गाऱ्हाणं घातलं: यांच्या अनुदानाने भाव पडतो, आमचे शेतकरी मरतात. त्यांना सहानुभूती मिळाली. ब्राझीलने मात्र रीतसर खटला भरला आणि जिंकला. आता अनुदान बंद करावं, तर अमेरिकेचे शेतकरी नाराज. मग अमेरिकेने शोधलेली तोड अशी: स्वतःच्या शेतकऱ्यांना देणं चालूच ठेवायचं आणि ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठीही पैसे पाठवायचे. २०१४ मध्ये तर ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

हे पारावर सांगितलं तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले एक आजोबा पहिल्यांदा बोलले: ‘ब्राझीलले जाले मलकापूरहून गाडी भेटते का?’