खरी हायसिंथ

"गेली गं ती."

काकूंनी कुंपणाच्या फळ्यांवरून एवढंच सांगितलं आणि खाली पडलेली सफरचंदं बादलीत टाकू लागल्या. कोण गेलं ते लगेच बोलायचं नाही, ऐकणारीला जरा टांगून ठेवायचं, ही त्यांची मिरजेची खोड. सगळी नोकरी कॉव्हेंट्रीच्या इस्पितळांत झाली तरी ती सुटलेली नाही.

"कोण गेली, काकू?"

"हायसिंथ."

"काय सांगता! काल तर कचऱ्याचा डबा पुसत होती." कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंना आम्ही दोघी खासगीत हायसिंथ म्हणतो. त्यांचा कचऱ्याचा डबासुद्धा पाहुण्यांसमोर मांडण्यासारखा असतो.

"ती कुठली जातेय! ती आपल्याला पोचवून मग जाईल. खरी हायसिंथ गेली. पॅट्रिशिया रूटलेज. ३ ऑक्टोबरला. ९६ वर्षांची होती."

हायसिंथची ती बीबीसीची मालिका, 'कीपिंग अप अपिअरन्सेस', मी पाहिलीय ती मोबाइलवर, दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत. तसं म्हटल्यावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पुरणपोळीचं नुसतं पुरण खाल्लं होतं.

"१९९० ते ९५. पाच मालिका, ४४ भाग. दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळ्या नर्सा तेच बोलायच्या. आणि गंमत म्हणजे प्रत्येकीला वाटायचं, ही बाई आपल्याच शेजारी राहते. शूटिंग कुठे झालंय माहितेय का? इथंच, बिनली वुड्सला. तिचं ते पडद्यांचं, झाडलोटीचं घर तिथलं. आणि तिला जिची लाज वाटायची त्या बहिणीचं, डेझीचं घर, अंगणात मोडकी गाडी आणि गाडीत कुत्रा, ते स्टोक ऑल्डरमूरला."

"म्हणजे आपल्या गावातलंच?"

"म्हणून तर सांगतेय. अगं, आडनाव बकेट, पण फोनवर ऐटीत 'बुके' म्हणायची. मेणबत्त्या लावून जेवणावळी घालायची आणि आमंत्रण आलं की लोक पळायचे. चर्चचा पाद्री लपायचा, पोस्टमन दबकत यायचा. नवरा, रिचर्ड, बिचारा गाडी चालवायचा आणि मान हलवायचा. खरे हाल शेजारणीचे. एलिझाबेथ. हिच्याकडे कॉफीला जायचं म्हणजे हात लटपटायचे, रॉयल डल्टनचे ते नाजूक कप, हमखास सांडायची. आणि एलिझाबेथचा भाऊ एमेट, संगीताचा माणूस. तो फाटकातून बाहेर पडला की ही दारातून गाणं सुरू करायची. कशासाठी? तर आपल्याला त्याच्या नाटकात घ्यावं म्हणून. तो कुंपणाच्या आडून वाकून पळायचा."

"ते गाणं मी ऐकलंय. भयानक होतं."

काकूंनी बादली खाली ठेवली. मिरजेच्या माणसासमोर गाण्याबद्दल बोलताना जपून बोलावं, हे मला आता कळायला हवं होतं.

"भयानक? अगं, ते गायला किती सुरेल गळा लागतो! ज्याला सूर कळत नाही तो नुसता बेसूर गातो, त्याला कोण हसतं? ही प्रत्येक स्वराला किंचित ढकलून द्यायची, आवाज नको तिथे फुलवायची. लोक हसून हसून लोळायचे. आणि त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं की या बाईला गाण्याच्या नाटकासाठी न्यू यॉर्कला टोनी मिळालाय?"

"टोनी? ब्रॉडवेचा?"

"१९६८. नाटकाचं नाव 'डार्लिंग ऑफ द डे'. नायक कोण, तर भुताखेतांच्या सिनेमातला व्हिन्सेंट प्राइस. संगीत ज्यूल स्टाइनचं. सगळं मोठं मोठं, आणि नाटक पडलं. ३१ प्रयोग, बस्स. पण हिला सर्वोत्तम अभिनेत्रीचा टोनी मिळाला, लेस्ली अगम्स नावाच्या दुसऱ्या गायिकेसोबत विभागून. पडलेल्या नाटकाची नायिका बक्षीस घेऊन घरी आली, सांग!"

आमच्याकडे नाटक पडलं की आधी नायिकेला बोल लावतात, असं मी म्हणाले. काकूंनी ते ऐकलंच नाही. त्या आता रंगात आल्या होत्या.

"त्याच्या पुढची गोष्ट ऐक. १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली म्हणून व्हाइट हाउसवर नाटक काढलं, '१६०० पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यू'. संगीत लेनर्ड बर्नस्टाइन, शब्द अ‍ॅलन जे लर्नर. 'वेस्ट साइड स्टोरी'वाला आणि 'माय फेअर लेडी'वाला एकत्र! राष्ट्राध्यक्षांच्या सगळ्या बायका हिने एकटीने करायच्या. त्यात एक गाणं असं, की जुन्या अध्यक्षाची बायको ज्युलिया ग्रांट जातेय आणि नव्याची, लूसी हेज, येतेय. दोघींचं भांडण. दोघी हीच! एक खालच्या पट्टीत गुरगुरणारी, दुसरी वर टिपेला जाणारी. एका गळ्यातून दोन बायकांची जुगलबंदी."

"आणि ते चाललं?"

"सात प्रयोग."

"सात?"

"ब्रॉडवेवर सात. गाण्याला टाळ्या थांबायच्या नाहीत, नाटक मात्र थांबलं." काकूंच्या बोलण्यात कुठे हळहळ नव्हती, उलट पडलेल्या नाटकांचं त्यांना कौतुकच होतं. माझं मत वेगळं आहे. दोन मोठी नाटकं अशी बसली, आणि टोनी घरात असूनही त्यानंतर चौदा वर्षांनी एका विनोदी मालिकेने जगभर नाव झालं, तर माणूस आतून थोडा तरी चिडत असेल.

"चिडेल कशाला?" काकू म्हणाल्या. "रिकामी कुठे बसली होती ती? १९८२ साली मायकल फ्रेनचं 'नॉइझेस ऑफ' पहिल्यांदा आलं त्यात होती. रॉयल शेक्सपिअर कंपनीत अँटनी शेरच्या तिसऱ्या रिचर्डसमोर शिव्याशाप देणारी राणी मार्गारेट होती. बर्नस्टाइनच्याच 'कँडिड'मधल्या म्हातारीसाठी ऑलिव्हिए पुरस्कार घेतला, १९८८ला. इकडे हायसिंथ करत होती तेव्हा तिकडे नॅशनल थिएटरमध्ये 'कॅरुसेल' करत होती, त्यात ते समुद्राकाठी धीर द्यायचं गाणं हिचं. टीव्हीवर एमेटला पळवून लावायची आणि रंगभूमीवर लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायची."

"ते गाणं इथे फुटबॉलला म्हणतात ना?"

"लिव्हरपूलवाले म्हणतात. आणि ही मूळची नदीच्या पलीकडची, बर्केनहेडची."

मग बर्केनहेड निघालं. १९२९चा जन्म. वडिलांचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान. युद्धात गोदी असलेल्या त्या गावावर बॉम्ब पडत होते तेव्हा कुटुंब दुकानाच्या तळघरात राहायचं. काकूंना या दुकानाचं भलतं महत्त्व वाटतं. त्यांच्या मते हायसिंथचा सगळा मसाला तिथलाच: गिऱ्हाइकाच्या कॉलरवरून त्याची पायरी ओळखायची, आणि तो गेल्यावर त्याच्यासारखं बोलून दाखवायचं. हे कुठे वाचलंत, असं विचारल्यावर "वाचायला कशाला पाहिजे? माझा मामा कापड दुकानात होता," असं उत्तर मिळालं.

शिक्षण मात्र पक्कं. लिव्हरपूल विद्यापीठात इंग्रजी घेऊन पदवी, मग ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत. १९५२ साली लिव्हरपूल प्लेहाउसमध्ये पहिलं काम, शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये. १९६१ला 'कोरोनेशन स्ट्रीट'मध्ये कॅफेवाली झाली होती.

"'कोरोनेशन स्ट्रीट' अजून चालू आहे, काकू."

"चालू दे. ही वेळेवर निघाली."

मी आवाज खाली आणला. "लग्न?"

"नाही केलं."

"मुलंबाळं?"

"नाही गं. आणि चेहरा एवढा लांब करू नकोस. माझ्या माहितीतल्या लग्न झालेल्या किती जणी ९६ वर्षांच्या होईपर्यंत एवढं हिंडल्या ते मोजून सांगू का?" मग काकूंना आठवलं की आपण कुंपणाशी उभ्या आहोत, आणि त्याही हलक्या आवाजात म्हणाल्या, "लग्नाचंच ऐकायचंय तर तो नवरा झालेला, क्लाइव्ह स्विफ्ट. त्याची बायको कोण होती माहितेय? मार्गारेट ड्रॅबल. कादंबरीकार. ७५ साली मोडलं. आणि ती कप सांडणारी एलिझाबेथ, जोसेफीन ट्यूसन, तिचा पहिला नवरा लेनर्ड रॉसिटर."

"तो 'रायझिंग डँप'मधला घरमालक?"

"तोच. आणि डेझीचा तो बनियनवर बसणारा नवरा, ऑन्स्लो. जेफ्री ह्यूज. 'यलो सबमरीन' कार्टूनमध्ये पॉल मॅकार्टनीचा आवाज त्याचा."

यावर मी मनापासून "अय्या!" म्हणाले, आणि काकूंना त्या दुपारचं सगळं समाधान तिथेच मिळालं असावं. अशी माहिती त्या वर्षानुवर्षं जपून ठेवतात आणि पात्र माणूस दिसला की बाहेर काढतात.

"मग बंद का पडली मालिका?"

"बंद पडली नाही, हिने सोडली. लेखक रॉय क्लार्क, बीबीसी, सगळ्यांना पुढे न्यायची होती. हिला वाटलं, तेच तेच व्हायला लागलंय. विनोदी नट रॉनी बार्करचा दाखला द्यायची म्हणे, लोक 'का सोडलं' विचारत असतानाच सोडावं. नंतर ती मालिका परदेशात इतकी विकली गेली की बीबीसीचीच मान उंच झाली. २०१६ला हिशोब सांगितला होता त्यांनी, जवळजवळ हजार वेळा विकलीय. आपल्याकडे अशी चालती गाडी कोण सोडतं?"

"कोणी नाही." हे मात्र मी अगदी खरं बोलले. पाच वर्षांनी सुनेची सासू होते तरी मालिका चालूच असते.

"आणि सोडून काय केलं? 'हेटी वेन्थ्रॉप'. लँकशरमधली साठीची बाई गुन्ह्यांचा छडा लावते. १९९६ ते ९८. मदतीला एक पोरगा, डॉमिनिक मोनाहन, पुढे तो 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये गेला. हायसिंथची ऐट नाही, टोपी नाही. साधी बाई, पिशवी घेऊन बसने जाणारी."

हेटी मला ठाऊक नव्हती. काकूंना मात्र ती हायसिंथपेक्षा आवडते हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं; हायसिंथबद्दल बोलताना त्या नकला करतात, हेटीबद्दल बोलताना करत नाहीत.

म्हातारपणी पॅट्रिशिया चिचेस्टरला राहायची. कथीड्रलला जायची, तिथल्या नाट्यगृहातही कामं केली. पुढे मायरा हेस या पियानोवादिकेवर एक कार्यक्रम करायची. युद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली, तेव्हा त्या रिकाम्या दालनांत मायराने दुपारच्या मैफली सुरू केल्या होत्या, प्रवेश एक शिलिंग. कार्यक्रमात पियानो पियर्स लेन वाजवायचा, ही बोलायची. २०१७ला डेम झाली.

"म्हणजे खऱ्या अर्थी 'लेडी'."

"हो. हायसिंथने त्यासाठी पाच मालिका धडपड केली असती." काकूंनी बादली उचलली आणि परत ठेवली. "पण तुला खरंच तिला बघायचं असेल तर हायसिंथ बघू नकोस. मिस रडक बघ."

"ही कोण?"

"अ‍ॅलन बेनेटचं 'टॉकिंग हेड्स'. १९८८. या भागाचं नाव 'अ लेडी ऑफ लेटर्स'. पूर्ण वेळ ही एकटीच बोलते. आपल्याकडे पु.लं.नी एकट्याने अख्खी चाळ उभी केली ना, तशी ही सगळी गल्ली उभी करते, फक्त पु.लं.च्या चाळीत माणसं एकमेकांना धरून होती, आणि हिला कुणी नाही. खिडकीतून बघत बसते. सॉसेजमध्ये केस निघाला, लिही पत्र. कुणाचं काही खटकलं, लिही पत्र. कंपनीला, कौन्सिलला, पोलिसांना. शाई आणि पेन हेच तिचे मित्र."

"अशी माझी एक आत्या होती. महापालिकेला लिहायची."

"प्रत्येकीची असते. पुढे ऐक. समोरच्या घरात एक जोडपं राहायला येतं, लहान मुलासोबत. हिला वाटतं, हे आईबाप मुलाकडे लक्ष देत नाहीत, रात्री दोघं बाहेर जातात, मूल दिसत नाही. लिहिते. आणि खरं काय असतं? मूल इस्पितळात. रक्ताचा कर्करोग. आईबाप रोज त्याच्याकडे जात होते."

आम्ही दोघींनीही जरा वेळ कोपऱ्यावरच्या घराकडे बघितलं नाही.

"मग?"

"मग हिला शिक्षा होते. खरोखरची. तुरुंग."

"हायसिंथ करणारी बाई हे करते?"

"हायसिंथच्या दोन वर्षं आधी केलंय. त्याच्याही आधी व्हिक्टोरिया वुडच्या कार्यक्रमात किटी करायची, खुर्चीत बसून सरळ कॅमेऱ्यात बघत मतं ठोकणारी. ती हसवायची. मिस रडकचं बोलणंही तसंच, तोच ठसका, तेच सभ्य उच्चार. तू हसत राहतेस आणि एका जागी लक्षात येतं की आपण चुकीच्या ठिकाणी हसलो. गळ्यावर एवढा ताबा असलेलीच बाई हे करू शकते. मघाशी बेसुराचं सांगितलं ना, तेच."

"तुरुंगात काय होतं तिचं?"

"ते मी सांगणार नाही."

"काकू!"

"अर्ध्या तासाचं काम आहे. भाजणी भाजून झाली की बघ. पण पोरं झोपल्यावर, आणि तुकड्यातुकड्यांनी नाही. हां, आणि ही चार सफरचंदं घे, कीड लागलेली आहेत, पण मुरंब्याला चालतील."