तळ्याला बायपास

कावेरीचं पाणी तमिळनाडूला सोडा म्हटलं की बंगळूर बंद होतं. 2016 साली तर बसगाड्या जळाल्या. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 177.25 टीएमसी असा आकडा ठरवून दिला. पाव टीएमसीसुद्धा कुणी कुणाला सोडला नाही, हे त्या दशांशावरून समजावं. पण याच खोऱ्यातलं एक पाणी बंगळूर बारा महिने, कुणी न मागता, खाली सोडत असतं. त्यासाठी मोर्चा नाही, बंद नाही. असलं पाणी नको म्हणून उलट तमिळनाडूच 2015 मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं.

या पाण्याचं नाव वृषभावती. बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या परिसरात उगम, म्हणजे सुरुवात अगदी सोवळ्यात. पुढे पश्चिम बंगळूरचं सांडपाणी आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतलं धुवण पोटात घेऊन ती बिडदीजवळच्या बैरमंगला तलावात उतरते. म्हैसूरला निघालेला मराठी माणूस बिडदीला तट्टे इडली खातो, पुढे रामनगरला ‘शोले’च्या टेकड्यांसमोर फोटो काढतो. बैरमंगलाकडे मात्र वळत नाही. वळला, तर फेस दिसायच्या आधी नाकाला पत्ता लागेल.

हा तलाव बांधला सिंचनासाठी, आणि सिंचन आजही चालू आहे. शेतकऱ्याला दोष द्यायची घाई नको. पाऊस पडो न पडो, शहर रोज आंघोळ करतं, त्यामुळे पाण्याची खात्री. त्यात नत्र आणि स्फुरद फुकट, म्हणजे युरियाचीही बचत. भात मात्र मागे पडला. मग आली बेबीकॉर्न, वैरणीचं गवत आणि तुती. तुतीवर रेशमाचा किडा वाढतो आणि रेशीम कुणी खात नाही, एवढाच काय तो दिलासा. बेबीकॉर्न आणि वैरणीवरच्या गुरांचं दूध शहराकडे जातं. पीण्यातल्या साहेबाने सकाळी जे गटारात सोडलं, ते त्याच्याच मंचुरियनमध्ये परतण्याची अशी चोख सोय झाली आहे. चक्राकार अर्थव्यवस्थेवर भाषणं देणाऱ्यांनी इथे सहल काढावी.

कारखान्यांच्या धुवणातून येणारी शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल ही मंडळी कुजत नाहीत, उडून जात नाहीत, उकळून मरत नाहीत. सांडपाणी प्रकल्पातले जिवाणू मैला खातात. धातू खाणं त्यांच्या कामात बसत नाही. पाणी नितळ होतं आणि धातूंचा मोठा वाटा तळाच्या गाळात बसतो. मग तो गाळ वाळवून खत म्हणून शेतातच जातो. हे ज्याला सुचलं त्याला शेतीखात्याने पुरस्कार द्यायला हरकत नाही.

सगळ्यात लबाड कॅडमियम. जस्ताचा चुलतभाऊ शोभेल असं त्याचं वागणं. रोपाला जस्त हवं असतं. त्याच दाराने हाही आत शिरतो आणि पानात जाऊन बसतो. म्हणून पालेभाजीत तो जास्त सापडतो. शिसं बरंचसं मातीत आणि मुळांशी अडकतं, पानावर येतं ते धुळीतून, त्यामुळे धुण्याचा थोडा उपयोग होतो. कॅडमियम पानाच्या आतच असतो. मिठाच्या पाण्यात भिजवा, व्हिनेगर घाला, जोडीला स्तोत्र म्हणा. माणसाच्या मूत्रपिंडात एकदा मुक्कामाला आला की अर्धा बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. पालेभाजीत किलोमागे 0.2 मिलिग्रॅमच्या आत असावा, असा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा दंडक आहे. मंडईतल्या तराजूला तो दंडक दिसत नाही, आणि जुडी हिरवीगार, टवटवीत दिसते कारण नत्र भरपूर!

पुणेकरांनी इथे हसू नये. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत जातं आणि उजनीवर सोलापूरची शेती आहे. रेल्वे रुळाकाठचा पालक खाऊन मोठे झालेल्या मुंबईकरांनी तर तोंडच उघडू नये.

आता सरकारी उपाय ऐका. वृषभावतीचं घाण पाणी तलावात येऊ नये म्हणून तलावाच्या आधीच बांध घालून ते वळवायचं आणि कालव्याने तलावाला वळसा घालून खाली सोडायचं. म्हणजे बायपास. तलाव सुटला, धातू पुढे निघाले. वृषभावती अर्कावतीला मिळते, अर्कावती कनकपुराच्या खाली संगमावर कावेरीला. बंगळूर स्वतःसाठी कावेरी उचलतं ती त्या संगमाच्या बरीच वर, शंभरेक किलोमीटरवरून पंप लावून. वरून प्यायची, खालून परत करायची. व्यवहारात शहर पक्कं आहे!

असा कॅडमियम पुढे काय करतो ते जपानने पाहिलं आहे. तिथल्या तोयामा भागात जिन्झू नदीत खाणीतून कॅडमियम उतरला, तिथून भातशेतीत, भातातून बायकांच्या पोटात. हाडं नुसत्या खोकल्याने मोडू लागली. 1968 मध्ये सरकारने त्याला प्रदूषणाचा आजार म्हणून मान्यता दिली. मग माती बदलायचं काम निघालं. 863 हेक्टर जमीन दुरुस्त व्हायला तीन दशकांहून अधिक काळ गेला, 2012 उजाडलं. तो जपान होता. आपल्याकडे पुलाचा कठडा बदलायला किती वर्षं लागतात ते वाचकांना ठाऊक आहे.

प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवण्याच्या, हौदातून धातू बाहेर पडतो तिथेच, कारखान्याच्या दारात, तो पकडणं स्वस्त असतं. तंत्र जुनं आहे. चुना टाकून धातू खाली बसवायचा, साका वेगळा काढायचा. गटारात मिसळला की महाग, तळ्यात गेला की फार महाग, मातीत गेला की जवळपास अशक्य. तेव्हा प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी तळ्याचे नमुने बाटलीत भरणं थोडं कमी करावं आणि रात्री दोन वाजता कारखान्यांच्या मागच्या दाराशी जाऊन उभं राहावं.