लिंबू पिळताना

विजेच्या बाबतीत आमच्या घराचा प्लॅस्टिकवर फार विश्वास. फ्यूज बदलताना बाबा पायाखाली प्लॅस्टिकचा पाट घेत. त्यामुळे एम.एस्सी.ला सरांनी वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक करायला सांगितलं, तेव्हा घरभेद्याला सामील झाल्यासारखं वाटलं.

या घराण्यात पहिला मान पॉलिअॅसिटिलीनचा. १९६७ साली टोकियोत, रसायनशास्त्रज्ञ शिराकावा काम करत त्या प्रयोगशाळेत, उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा धरला. (आमच्याकडे मीठ दुप्पट पडलं तरी आमटी मोरीत जाते.) दहा वर्षांनी शिराकावांनी मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्या सोबतीनं त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, तर वाहकता कोटपटीनं वाढली! भरल्या पंगतीत कुणाला हलता येत नाही. एक जण उठला की शेजारचा सरकतो, मग त्याच्या शेजारचा, आणि रिकामा पाट पार टोकाला पोचतो. आयोडीन असेच काही इलेक्ट्रॉन उठवून नेतं. २००० साली तिघांना नोबेल मिळालं. पण रूप चंदेरी असलं तरी प्रकृती तोळामासा: हवा लागली की बिघडायचं.

टिकलं ते पॉलिअॅनिलीन. एकोणिसाव्या शतकात सुती कापड काळंकुट्ट रंगवत, त्या रंगाचं हे सख्खं भावंड. अॅनिलीन हे नाव पोर्तुगीज ‘अनिल’वरून, म्हणजे मुळात आपल्या नीलावरून.

कृती साधी, पण सबुरीची. हायड्रोक्लोरिक आम्लात अॅनिलीन, भांडं बर्फात, वरून अमोनियम पर्सल्फेटचं द्रावण थेंबथेंब. घाई केली की मिश्रण तापतं आणि रेणूंच्या साखळ्या वेड्यावाकड्या वाढतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग निळसर झाक येते आणि बघता बघता गडद हिरवा गाळ. पर्सल्फेट साखळी जोडतं, आम्ल तिच्यातल्या नायट्रोजनला प्रोटॉन देतं. म्हणून वीज वाहते. अल्कलीनं तो प्रोटॉन काढून घेतला की गाळ निळा पडतो आणि वीजही थांबते. पुन्हा आम्ल दिलं की पुन्हा हिरवा.

हे पुस्तकात होतंच. मला पटलं ते घरी. हातमोज्याला भोक होतं, अंगठा हिरवा झाला होता. कपड्याच्या साबणानं खसाखसा घासला, तर निळा. तसाच जेवायला बसलो आणि वरणभातावर लिंबू पिळलं.

“अरे, मघाशी निळा होता ना?” आई म्हणाली.

मी प्रोटॉनपासून सुरुवात केली. तिनं ऐकता ऐकता माझं ताट बदललं आणि नव्या ताटात चमचा ठेवला.