पळायलात की वेचायलात?

रविवारी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याला निम्मं शहर येतं ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आणि उरलेलं निम्मं येतं ते डॉक्टर तिथेच भेटतात, फी न घेता बोलतात, म्हणून. अशाच एका रविवारी कठड्यावर बसून एक काका फुटाणे खात होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी चाऱ्या-कालव्यांची मापं एम.बी.त चढवण्यात गेली, त्यामुळे डोळ्यांसमोर काहीही चाललेलं असो, त्याची कुठे नोंद झाली की नाही, ही काळजी त्यांना अजून सुटलेली नाही.

त्यांच्यासमोर एक तरुण येऊन वाकला. हा वाळूजच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. पोपटी टीशर्ट, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, एका हातात रबरी मोजा, दुसऱ्या हातात गोणी. वाकला, पाण्याची रिकामी बाटली उचलली, पाच पावलं पळाला, परत वाकला.

"पळायलात की वेचायलात?" काकांनी विचारलं.

"दोन्ही, काका. ग्रुप आहे आमचा. पळता पळता दिसेल तो कचरा गोणीत. प्लॉगिंग म्हणतात याला."

"कोण म्हणतं?"

"स्वीडनचे लोक. एरिक आल्स्ट्रोम नावाचा माणूस स्टॉकहोमला राहायला आला, रस्त्यावरचा कचरा बघून वैतागला आणि २०१६ साली त्यानं हे सुरू केलं."

काकांचा फुटाणा तोंडाशी थबकला. "स्वीडनमध्ये कचरा? अन् आपले लोक तिकडं अभ्यासदौऱ्याला जातात!"

"आपल्याकडेही झालं ना. २ ऑक्टोबर २०१९ला देशभर 'फिट इंडिया प्लॉगिंग रन' होता."

"बरं. अन् ३ ऑक्टोबरला?"

तरुणाने घड्याळ पाहिलं. नाडी वाढली होती.

काकांचा प्रश्न खवचट खरा, पण या शहरात तो विचारण्याचा हक्क कुणालाही आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगाव-मांडकीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराची घाण आपल्या वेशीवर का, हा त्यांचा सवाल होता आणि त्याला धड उत्तर कुणाकडे नव्हतं. मग चौकाचौकात ढीग लागले, मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा टाकायला गेलेल्या गाड्यांवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. आपण टाकलेली पिशवी पुढे कुठे जाते, हे शहराला त्या महिन्यात पहिल्यांदा कळलं. तेव्हा बाटली उचलणाऱ्याला हसू नये हे खरंच. पण गोणी भरल्यावर तिचं काय होतं, हे त्याला विचारायलाच हवं.

काकांनी विचारलं.

"कोपऱ्यावर ठेवतो. घंटागाडी नेते."

"एम.बी. आहे?"

"म्हणजे?"

"मेजरमेंट बुक. माल किती, उचलला कुठून, टाकला कुठं, खाली सही कुणाची."

"आम्ही ग्रुपवर फोटो टाकतो, काका."

"फोटोवर बिल निघत नसतं."

इतक्यात खराटा घेऊन महापालिकेच्या सफाई कामगार ताई आल्या. त्यांनी आधी गोणीकडे पाहिलं, मग पोपटी टीशर्टकडे.

"दादा, मागल्या रविवारी वळणावरची गोणी तुमचीच का?"

"हो!" तरुण खुलला. "साडेअकरा किलो भरली होती."

"त्यात चहाचे कप, उरलेले पोहे अन् बाटल्या, सगळं एकात. वर गच्च गाठ. मला सगळी रस्त्यावर ओतून निवडावी लागली. बाटल्यांना पोहे चिकटले की भंगारवाला घेत नाही. ओलं वेगळं, सुकं वेगळं ठेवत जा. अन् गाठ मारू नका."

"सॉरी, ताई. खरं तर आमच्या कंपनीत फाइव्ह एस आहे. त्यातला पहिलाच एस निवडानिवडीचा."

"मग रविवारी त्याला सुट्टी असते का?" असं म्हणून ताई झाडत पुढे गेल्या.

काका इतके खूश झाले की त्यांनी तरुणाला फुटाणे दिले. "वाईट वाटून घेऊ नका. चांगलंच करायलात. पण आपल्याकडं हे नवीन नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. सेनापती बापट बॉम्बची विद्या शिकून आलेला माणूस, पण पारनेरात सकाळी रस्ते झाडायचे. त्यांना टीशर्ट कुणी दिले होते?"

"टीशर्टचे पैसे आम्ही आमच्या खिशातून भरतो, काका."

"तेच म्हणतो मी."

तरुणाने फुटाणे चावत थोडा विचार केला. क्वालिटीवाला होता, तक्रार आली की पर्याय द्यायचा, ही सवय. "लंडनमध्ये जरा वेगळं आहे. गुडजिम. इव्हो गॉर्मली म्हणून एकानं २००९मध्ये काढलं. त्याचं म्हणणं, जिममध्ये लोक एवढा घाम गाळतात, तो कुणाच्याच कामी येत नाही. म्हणून यांचे लोक पळत कामावर जातात. कुठं शाळेची बाग खण, कुठं माती वाहा, एकट्या म्हातारीचा बल्ब बदलून दे, अन् पळत परत. काही जण तर दर आठवड्याला ठरलेल्या आजोबांकडे पळत जातात, गप्पा मारतात. त्या आजोबांना ते कोच म्हणतात."

"कोच? पळतं कोण?"

"आपला माणूसच पळतो. पण आजोबा वाट बघत असतात, म्हणून त्याला दांडी मारता येत नाही."

काका ताठ बसले. "म्हणजे घरी बसून कोच?"

"हो."

"मानधन?"

"नाही."

"टी.ए.-डी.ए.?"

"तुम्ही घरातून हलणारच नाही, काका!"

स्वीडनपेक्षा लंडनची ही युक्ती सरस म्हणायला हवी. बाटली कुणाची वाट बघत नाही, एखादा रविवार चुकला तर ती फोन करून "का आला नाहीत?" असं विचारत नाही. आजोबा विचारतात. शिवाय अशा कामाचा फोटो फारसा बरा येत नाही, हाही एक फायदाच. आणि या गावात असं काम शोधायला जावं लागत नाही. इथे पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं आणि नळाला वर्षानुवर्षं दिवसांच्या गॅपनं येतं. मध्यरात्री, पहाटे, त्याच्या मर्जीनं. घरात तरणे हात असले तर हौद भरतो, मोटर लागते, ड्रम भरतात. नसले तर म्हातारा-म्हातारी अंधारात एकेक बादली जिन्यानं वर नेतात.

"पण नवी पाइपलाइन आहे ना?" तरुण म्हणाला.

काकांचा हा विषय. फुटाण्यांची पुडी त्यांनी बाजूला ठेवली. "डिसेंबर २०२०ला भूमिपूजन. १,६८० कोटी. पुढं आकडा २,७४० कोटींवर गेला. पाइप अडीच हजार मिलिमीटरचा, म्हणजे आठ फूट. उंट जाईल त्यातून. धरणापासून नक्षत्रवाडीपर्यंत चाळीसेक किलोमीटर. पाणी सोडायच्या आधी तुमच्या लोकांची मॅरेथॉन आतून घ्यायला पाहिजे होती. ऊन नाही, रिक्षा नाही, मागं लागायला कुत्रं नाही."

"मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते, काका."

"उरलेलं नक्षत्रवाडीत टाकीभोवती चकरा मारून भरा. अन् नोंद करा."

मग काका कामाचं बोलले. औरंगपुऱ्यात त्यांचे एक मित्र राहतात. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, मुलगा पुण्याला. नळ खाली, जिन्याशेजारी. चार बादल्या आणि दोन हंडे वर गेले की म्हातारा-म्हातारीचा आठवडा निघतो.

"इथून बेगमपुरा, मिल कॉर्नर, औरंगपुरा," तरुणाने मनातल्या मनात रस्ता पळून पाहिला. "वर तीन मजले, सहा खेपा. एलिव्हेशन भारी मिळेल!"

"मिळेल. पण मास्तर चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. अन् चहाबरोबर ७२चा दुष्काळ असतो."

"किती वेळ?"

"चहाला पाच मिनिटं. दुष्काळाला पाऊण तास."

"तेवढा वेळ घड्याळ पॉजवर ठेवतो."

"ठेवा. बिनसाखरेचा मागा, नाहीतर जेवढं जाळलं तेवढं परत चढेल. हंडा खांद्यावर घेऊ नका, डोक्यावर घ्या, नाहीतर जिन्यावर सांडतो अन् पहिल्या मजल्यावरच्या वहिनी ओरडतात."

तरुणाने मोबाइल काढला, ग्रुपवर नवा मेसेज लिहायला घेतला आणि थांबला. "वेळ काय टाकू, काका? पाणी नक्की कधी येतं?"

"ते एक देवाला ठाऊक, नाहीतर लाइनमनला. देवाचा नंबर माझ्याकडं नाही. लाइनमनचा देतो, घ्या लिहून."