लिंबूटिंबूची रात्र

जग वाचवणाऱ्या टोळीत प्रत्येकाकडे काही ना काही असतं. कॅलिफोर्नियातल्या सनीडेल नावाच्या काल्पनिक गावातली टोळी घ्या. बफी समर्स ही नियतीने निवडलेली, व्हॅम्पायरांचा साक्षात काळ. विलो मंत्रतंत्र शिकते आहे. शाळेचे ग्रंथपाल जाइल्स मृत भाषांतल्या पोथ्या वाचतात. ऑझ बँडमध्ये गिटार वाजवतो आणि पौर्णिमा आली की लांडगा होतो. एंजेल तर स्वतःच व्हॅम्पायर, वय दोनशेच्या वर. आणि झँडर हॅरिस? झँडर विनोद करतो. त्यांतले सगळेच जमतात असं नाही.

खेळात असून ज्याचं राज्य धरत नाहीत, तो लिंबूटिंबू. प्रत्येक कंपूत एक असतोच. त्याला ‘येऊ नकोस’ असं कोणी म्हणत नाही, पण तो आला नाही हेही बराच वेळ कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच्याकडे ठरलेली कामं असतात: खायला आणणं, सामान धरणं, वातावरण तंग झालं की काहीतरी बोलणं. झँडरच्या वाट्याला डोनट आले. जगाचा अंत जवळ आलाय आणि जाइल्स यांची तक्रार काय, तर जेलीवाला डोनट शिल्लक नाही!

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही अमेरिकन मालिका १९९७ ते २००३ अशी सात पर्वं चालली, एकूण १४४ भाग. त्यांतला तिसऱ्या पर्वातला तेरावा भाग, २६ जानेवारी १९९९ ला दाखवलेला, लेखक डॅन वेबर यांनी पूर्णपणे या डोनटवाल्याला देऊन टाकला. सुरुवातीलाच एका चकमकीत झँडर मार खातो आणि सगळे मिळून, अगदी प्रेमाने, त्याला लढाईपासून लांब राहायला सांगतात. प्रेमाने केलेला असा अपमान पचवायला फार जड. त्यावर मीठ चोळायला कॉर्डेलिया हजर असते. ती त्याची माजी प्रेयसी, त्यामुळे नेम अचूक. तू या टोळीतला झेप्पो आहेस, असं ती सुनावते.

भागाचं नावही तेच, ‘द झेप्पो’. मार्क्स बंधूंच्या विनोदी चित्रपटांत ग्राउचो, चिको आणि हार्पो धमाल उडवत. धाकटा झेप्पो नीटनेटका सूट घालून बाजूला उभा. १९३० च्या ‘अ‍ॅनिमल क्रॅकर्स’मध्ये ग्राउचो पत्र सांगतो आणि हा बिचारा उतरवून घेतो. १९२९ ते १९३३ मध्ये असे पाच चित्रपट करून त्याने पडद्याला रामराम ठोकला. पुढे त्याने यंत्रभागांचा कारखाना काढला. तिथून निघालेला ‘मार्मन क्लॅम्प’ आजही उपग्रहाला रॉकेटशी जखडून ठेवायला वापरतात. कॉर्डेलियाला हे ठाऊक असण्याची शक्यता कमीच.

आपल्यात काहीतरी ‘भारी’ हवं, असं झँडर ठरवतो. भारी असणं म्हणजे नेमकं काय, हे तो ऑझला विचारतो. ऑझच्या उत्तरातून एवढंच कळतं, की जे भारी असतात त्यांनी त्यावर कधी विचार केलेला नसतो. मग झँडर अंकल रोरीकडून गाडी आणतो, १९५७ ची शेव्हरोले बेल एअर. गाडीवर एक मुलगी लगेच भाळते. पण गाडीवरच, रात्रभर गाड्यांशिवाय दुसरा विषय नाही. याच गाडीचा धक्का जॅक ओटूल या गुंडाच्या गाडीला बसतो आणि खरी रात्र सुरू होते.

जॅक आपल्या मेलेल्या दोस्तांना थडग्यांतून उठवतो. हे प्रेत-दोस्त आपली टवाळ पोरांचीच जात. त्यांतल्या एकाला महिने उलटून जिवंत झाल्यावर पहिली चिंता पडते ती ‘वॉकर, टेक्सास रेंजर’चे भाग आपल्या मागे कोणी रेकॉर्ड केले का याची. जॅकने केलेले असतात. मैत्री म्हणतात ती ही!

गाडी चालवायला झँडर. इथेही त्याच्याकडे काम आलं ते ड्रायव्हरचंच.

इकडे नरकाचं दार उघडू पाहणाऱ्या राक्षसिणींशी बाकीच्यांची लढाई जुंपलेली आहे. एरवी तोच अख्खा भाग झाला असता. वेबर ती आपल्याला फक्त दाराच्या फटीतून दाखवतात. विलो रडवेली होऊन झँडरला मिठी मारते, आणि त्याला कारण कळत नाही. बफी आणि एंजेल यांचा हृदयद्रावक संवाद रंगात आलाय, व्हायोलिनं शिगेला पोचली आहेत, तेवढ्यात झँडर मदत मागायला आत येतो. संगीत गप्प. तो अंदाज घेतो, काही नाही म्हणतो, निघून जातो. संगीत पुन्हा सुरू. नायकांचं दुःख बाहेरच्याला किती नाटकी दिसतं, हे मालिकेने स्वतःचीच टिंगल करून दाखवलं. इतकी हिंमत लोकप्रिय मालिकांत क्वचितच दिसते.

त्या रात्री झँडर फेथला, बफीसारख्याच दुसऱ्या स्लेयरला, एका राक्षसिणीच्या तावडीतून सोडवतो, तिच्याबरोबर मोटेलवर जातो आणि काम झाल्यावर कपड्यांसकट दाराबाहेर काढला जातो. मग त्याला कळतं, की प्रेतांच्या टोळक्याने शाळेच्या तळघरात बॉम्ब ठेवलाय, आणि वर ग्रंथालयात त्याचे मित्र लढताहेत. तळघरात तो जॅकच्या वाटेत उभा राहतो. हाणामारी संपली, विनोदही संपले. आकडे उलटे पळताहेत. जॅक आधीच एकदा मेलेला, तरी पुन्हा मरायला घाबरतो तो जॅकच. शेवटच्या क्षणी तो तार तोडतो आणि वैतागून भलतंच दार उघडतो. त्यामागे पौर्णिमेचा ऑझ.

दुसऱ्या दिवशी टोळी जखमा कुरवाळत बसलेली. जग किती थोडक्यात वाचलं ते कोणाला कधी कळणारही नाही, असं आपसांत चाललेलं. झँडर काही सांगत नाही, खायला आणू का एवढंच विचारतो. ऑझ नको म्हणतो; आज त्याचं पोट का कोण जाणे भरल्यासारखं आहे.

२००२ मध्ये सहाव्या पर्वाच्या शेवटी विलो स्वतःच जग संपवायला निघाली. बफी तेव्हा खड्ड्यात अडकली होती. विलोला आवरलं झँडरने, मंत्राशिवाय, मार खात खात, नुसतं बोलून. एव्हाना तो बांधकामाच्या धंद्यात चांगला स्थिरावला होता. पुढच्या पर्वात बफीच्या घराच्या खिडक्या फुटल्या, तेव्हा फळ्या ठोकायला हातोडा घेऊन हजर कोण, हे सांगायला नको.