नाझरसाहेब, भिशीला नोंदणी नसते

माननीय नाझरसाहेब,


गेल्या मंगळवारी कोर्टातल्या तुमच्या खिडकीशी आमच्या पोळ्यांच्या मावशी उभ्या होत्या. मुलगा गणपतीच्या वर्गणीवरून झालेल्या मारामारीत आत. कोर्टानं १५,००० रुपयांचा रोख जामीन दिलेला, चार आठवड्यांत ऐपतदार जामीनदार हजर करायच्या बोलीवर. मावशींनी पिशवीतून पुडकं काढलं. शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा, वर केसांचं रबर. तुम्ही रबर सोडवलंत, चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, "एवढी रक्कम आणली कुठून?"

धन्य वाटलं हो! बँका बुडवून परदेशी पळालेल्यांना जे वेळेवर कुणी विचारलं नाही, ते विचारणारा माणूस आमच्या तालुक्यात बसलाय. अमेरिकेत १९६६ च्या नेबिया खटल्यापासून जामिनाच्या पैशाचा उगम तपासतात म्हणे. तिथे आरोप अमली पदार्थांचा होता आणि रक्कम १ लाख डॉलर. इथे वर्गणी होती.

"भिशीचे," मावशी म्हणाल्या.
"भिशी नोंदणीकृत आहे?"

मग चाळीस पानी वही पुढे आली. तुम्ही पंधरा बायकांची नावं उतरवून घेतलीत, नावापुढे धंदा. भांडी, भांडी, पोळ्या, भाजीची गाडी, भांडी, दवाखान्यात आया. महिना हजार. या महिन्याचा नंबर जिला लागला, तिनं घरावर पत्रे टाकायचं पुढे ढकलून पैसे मावशींना दिले, त्याला पुरावा काय, हेही विचारलंत. गळक्या छपराचा फोटो आणायला हवा होता. चुकलंच आमचं.

घरी येऊन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९० वाचलं. बंधपत्राऐवजी रक्कम भरायची मुभा त्यात आहे. ती कुणाच्या डब्यातून आली, याबद्दल अवाक्षर नाही. आणि १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याला मागितलेल्या भरमसाट जामिनावरून सर्वोच्च न्यायालयानं खालच्या कोर्टाचे कान उपटले होते, ते टपाल अजून वाटेत असावं.

त्याच मंगळवारी दुपारी पिंपळाखालचा तो पांढरे बूटवाला येऊन गेला. सातबारा, सॉल्व्हन्सी, रेशनकार्ड, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात. किती जणांना जामीन राहतो हा माणूस? कुणाच्या जमिनीवर? त्याला तुम्ही "या, बसा" म्हणालात.

पावती व्हायला पाच वाजले. सुटकेचा हुकूम घेऊन आम्ही तुरुंगाशी पोचेतो असे हुकूम टाकायची जामीनपेटी त्या दिवसापुरती उघडून झाली होती. बावीस वर्षांचं पोरगं आणखी एक रात्र आत राहिलं. कशापायी? तुम्हाला 'आया' हा शब्द दोनदा खोडून लिहायचा होता म्हणून. हा छळ आहे साहेब, याला दुसरा शब्द नाही.

एवढं लिहून हात थांबतो, कारण नंतरचंही आठवतं. चहाचा कप माझ्याकडे सरकवत तुम्ही हळूच म्हणालात, मागे एक सातबारा बोगस निघाला, जामीनदार पसार झाला, चौकशी तुमची लागली. पेन्शनला दोन वर्षं उरलीत. डोक्यावरचा पंखा फिरत नव्हता आणि टेबलावर तीन माणसांची रजिस्टरं होती.

आणि पावती फाडताना मावशींना विचारलंत, "भिशीत नंबर रिकामा आहे का एखादा? मुलीचं लग्न आहे."

मावशींनी निरोप दिलाय. दिवाळीपासून एक जागा होतेय. महिना हजार. कागदपत्रं लागत नाहीत.

आपला,
मावशींच्या मागे उभा असलेला