बॉयलरला परवाना, सर्व्हर बेवारस

सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरच्या माणसाला बॉयलर काय असतो हे सांगावं लागत नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याभोवती हे गाव वाढलं. पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथलाच. हंगामाच्या तोंडावर बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मग गव्हाणीत मोळी पडते आणि चार-पाच महिने गावाला झोप नसते.

या बॉयलरपाशी कोणीही जाऊन उभं राहू शकत नाही. तिथं परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला अटेंडंट लागतो. निरीक्षकानं तपासून दाखला दिल्याशिवाय बॉयलर पेटत नाही आणि तो दाखला ठरावीक मुदतीनं पुन्हा घ्यावा लागतो. वाफेचा दाब किती, पाण्याची पातळी कुठं, हे पाळीगणिक वहीत उतरतं आणि पाळी बदलताना ती वही पुढच्याच्या हातात जाते. १९२३ च्या कायद्यानं ही शिस्त देशभर लावली, २०२५ साली संसदेनं त्याजागी नवा बॉयलर कायदा केला. बॉयलर फुटून माणसं मेली होती, म्हणून ही शिस्त आली.

आता कुठल्याही कारखान्याच्या वजनकाट्यावर या. उसाची गाडी काट्यावर चढते, भरलेलं वजन संगणकात जातं, रिकामी गाडी परत येते, वजावट होते, पावती निघते. शेतकऱ्याच्या खात्यावर किती टन जमा झाले हे त्या आकड्यावर ठरतं. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यावी, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय आणि ती रक्कमही त्याच आकड्यावरून काढायची असते. हा आकडा ज्या सर्व्हरवर बसतो, त्याच्यापाशी कोण उभा असतो? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. खोलीला कुलूप, किल्ली शिपायाकडे, पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे.

काटा अडला की रांग लागते, टोळी बसून राहते आणि तोडलेला ऊस उन्हात वाळतो. वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. हे नुकसान कुणाच्या नावावर लिहायचं?

एवढ्यात कोणीतरी ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतं आणि चर्चा संपते. अकलूजच्या सेतू केंद्रात, रेशन दुकानाच्या ई-पॉस यंत्रापुढे, दस्त नोंदणीच्या कार्यालयात, सगळीकडे हेच दोन शब्द. लोकही ते पावसासारखे मान खाली घालून घेतात. माझा राग यावर आहे. सर्व्हर आपोआप पडत नाही. तो कारणानं पडतो, आणि बहुतेक कारणं आधी कित्येक दिवस डोळ्यांसमोर असतात.

सगळ्यात साधं कारण घ्या: डिस्क भरली. प्रत्येक प्रणाली आपल्या कामाची नोंद लॉगमध्ये लिहीत असते. जुन्या लॉगची घडी घालून त्या बाजूला सारायची सोय कोणी लावली नाही, तर ती फाइल फुगत जाते आणि एका रात्री डिस्क काठोकाठ भरते. मग डेटाबेसला एक ओळही लिहिता येत नाही. ‘डीएफ’ नावाची दोन अक्षरी आज्ञा दिली की डिस्क किती भरली ते कळतं. सत्तर टक्क्यांवर असताना बघितलं असतं तर सगळं दुपारच्या चहाआधी आवरलं असतं. काही वेळा जागा शिल्लक दिसते आणि तरी नवी फाइल तयार होत नाही, कारण लाखो बारीक फायलींनी आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदींच्या जागा, संपवलेल्या असतात. आणि अनेकांना चकवा देणारा तिसरा प्रकार: मोठी लॉग फाइल घाईघाईनं उडवली, पण चालू प्रोग्रामनं ती धरून ठेवलेली असते, त्यामुळे जागा मोकळी होतच नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो पाच मिनिटांत सोडवतो. ज्याला ठाऊक नाही तो रिस्टार्ट मारतो.

रिस्टार्टची ही सवय मोडली पाहिजे. यंत्र पुन्हा सुरू होतं, लोक खूश होतात आणि मेमरी कोणत्या प्रोग्रामनं खाल्ली होती, कोणती प्रक्रिया अडकली होती याचा मागच पुसला जातो. आठवड्यानं तोच बिघाड परत दारात. आधी लॉग वाचा, चालू प्रक्रियांची यादी जतन करा, मग हवं तर बटण दाबा. एवढा धीर धरायला पाच मिनिटं लागतात. ती देण्याची मुभा साहेबांनी द्यायला हवी.

देखरेखीचं सोंगही खूप ठिकाणी आहे. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर हिरवे ठिपके. सर्व्हर ‘पिंग’ या साध्या हाकेला उत्तर देतो म्हणून ठिपका हिरवा, आणि खिडकीत सातबारा उतारा निघत नाही. पिंगला उत्तर आलं याचा अर्थ जाळं आणि यंत्र जागं आहे, एवढाच. खरी देखरेख करायची तर दर काही मिनिटांनी एक खोटा अर्ज आत पाठवावा, तो शेवटपर्यंत जातो का आणि किती सेकंदांत जातो ते मोजावं. झॅबिक्स, नॅगिऑस, प्रोमिथिअस ही साधनं फुकट मिळतात आणि हे काम चोख करतात. डिस्क याच वेगानं भरत राहिली तर कधी संपेल, याचा अंदाजसुद्धा प्रोमिथिअस बांधून देतं. फक्त इशाऱ्यांवर लगाम हवा. दिवसाला शेकडो संदेश यायला लागले की माणूस फोन उलटा ठेवतो आणि खरा इशारा त्याच ढिगात बुडतो. ज्यावर लगेच उठून काही करायचं नाही, तो इशारा रात्री दोनला वाजता कामा नये.

बॅकअपबद्दल मात्र मी कोणालाही सूट द्यायला तयार नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत दमलेल्या अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या होत्या, आणि गरज पडली तेव्हा त्यातली एकही धड कामाला आली नाही. काही तासांपूर्वी हातानं घेतलेली एक प्रत होती म्हणून नुकसान सहा तासांच्या माहितीवर थांबलं. त्यांनी हे सगळं जगाला उघडपणे सांगितलं, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्रात बॅटरीला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट कागदपत्रं तिथं होती आणि त्यांची दुसरी प्रत बाहेर कुठंच नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गत. मग आपल्या गावातल्या पतसंस्थेनं, दूध डेअरीनं, शाळेनं विचारावं: आपली प्रत शेवटची परत उतरवून कधी पाहिली? त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, वीज जाते-येते, आणि हंगामात बगॅसची काजळी पंख्यांत जाऊन बसते. दोन्ही डिस्क एकत्रच जातील.

गर्दीचं कारण सांगणाऱ्यांना तर तारखा आधीच ठाऊक असतात. २०२३ साली एक रुपयात पीक विमा जाहीर झाला. ३१ जुलै शेवटची तारीख, हे सगळ्यांना माहीत. शेवटच्या दिवसांत शेतकरी येणार, हेही माहीत. तरी सर्व्हर अडखळला, शेतकऱ्यांनी केंद्रांवर रात्री काढल्या आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. आषाढीला पंढरपुरात किती एसटी सोडायच्या याचं नियोजन आपण वर्षानुवर्षं करतो. तारीख लागलेल्या संकेतस्थळाचं का करत नाही?

या सगळ्यात शिव्या कोण खातो? खिडकीतला पोरगा. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, सेतूतली ताई, रेशन दुकानदार. यंत्र त्यांचं नाही, पासवर्ड त्यांच्याकडे नाही, बिघाड कुठं झाला हे त्यांना कोणी कळवत नाही. मजुरी बुडवून आलेली म्हातारी त्यांच्यावरच चिडते आणि तिचंही चुकत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी सेवेच्या सर्व्हरला नाव असलेला जबाबदार माणूस हवा, त्याच्या गैरहजेरीत दुसरा हवा, आणि दोघांना पगार, प्रशिक्षण व झोप हवी. बिघाडाची नोंदवही हवी: किती वाजता बंद पडला, कारण काय, काय केलं, किती वाजता सुरू झाला, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. ती नोंद त्याच दिवशी खिडकीवर चिकटवली पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. सेवा ठरल्या मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. पण ‘सर्व्हर डाऊन’ची लेखी नोंदच नसेल तर उशीर कोणामुळे झाला हे ठरवायचं कशावरून? महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीच्या नागरिकांनी अशी वही मागायला सुरुवात केली तरी पुष्कळ झालं.

आणि एक काम तर तातडीचं आहे. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असं लाल पान दिसतं. तारीख प्रमाणपत्रावरच छापलेली असते, तरी ती चुकते. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या यंत्रणेतलं असंच एक प्रमाणपत्र संपलं आणि ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाइल डेटा दिवसभर बंद राहिला. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांनी मिळून ठरवल्याप्रमाणे मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत २०० दिवस आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. वर्षातून एकदा हातानं नूतनीकरण करायची सवय असलेल्या कार्यालयाला २०२९ नंतर ते वर्षातून आठ वेळा करावं लागेल. हे काम आपोआप करणारी फुकट व्यवस्था आजच उपलब्ध आहे. ती बसवायला एक दुपार पुरते, फक्त कोणाची दुपार ते आत्ताच ठरवून कागदावर लिहा.